गाडीवर नाव लेकीचं, कागदावर कुणाचं?

परवा इंदापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात लग्नाला गेले होते. साडेबाराचा मुहूर्त. आम्ही बायका अक्षता हातात घेऊन उभ्या. तेवढ्यात वाजंत्री थांबली आणि सगळी पोरंटोरं दाराकडे पळाली. मला वाटलं नवरदेव आला. नवरदेव आला होताच, पण पोरं पळाली होती ती त्याच्या गाडीकडे. पांढरीशुभ्र, लांबलचक, नाकावर तीन टोकांची चांदणी. कुणी तिच्याबरोबर फोटो काढतंय, कुणी काचेतून आत डोकावतंय. नवरी बिचारी आत एकटीच बसून होती, तिच्याजवळ फक्त करवली.

माझ्या शेजारी आमच्या बचत गटातल्या एक मावशी उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "ताई, केवढ्याची असंल हो?" पलीकडचा एक मुलगा मागे न बघताच म्हणाला, "साठ-सत्तर लाख तर कुठंच न्हाईत!" मावशींनी मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला आणि म्हणाल्या, "म्हंजी आपल्या गटाचं सात जल्माचं कर्ज की!"

आम्ही दोघी हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

मैत्रिणींनो, आधीच सांगते, मी मोठ्या गाड्यांच्या विरोधात नाही. ज्याने कष्टाने कमावलंय त्याने जरूर घ्यावी. आपला बारामती-इंदापूरचा भाग आता पूर्वीचा राहिलेला नाही. ऊस आला, द्राक्षं-डाळिंबं आली, दूध आलं, एमआयडीसी आली. आपल्या बारामतीत पियाजिओचा कारखाना आहे. भाजीबाजारात उभी असते ती 'आपे' तिथलीच, आणि २०१२ पासून व्हेस्पाही तिथेच बनते. मला कुणीतरी सांगितलं, इटालियन भाषेत 'आपे' म्हणजे मधमाशी आणि 'व्हेस्पा' म्हणजे गांधीलमाशी. तेव्हापासून भाजीवाल्याची आपे घरघरत आली की मला हसू येतं.

आणि ती चांदणीवाली मर्सिडीजसुद्धा काही आपल्याला फार लांबची नाही. ही कंपनी १९९४ मध्ये भारतात आली, १९९५ मध्ये पिंपरीत तिची पहिली गाडी तयार झाली आणि २००९ पासून तिचा कारखाना चाकणला आहे. म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यात. ३० सप्टेंबर २०२२ ला तिथे जोडलेली विजेवरची गाडी बाजारात आली. नाव ईक्यूएस ५८०. किंमत तेव्हा १ कोटी ५५ लाख. एकदा चार्ज केली की चाचणीच्या हिशेबाने ८५७ किलोमीटर. म्हणजे बारामतीहून पुण्याला चार वेळा जाऊन यायचं, तरी थोडी वीज उरेल. पुढच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच काच, १४१ सेंटिमीटर रुंद, आणि तिच्यावरच सगळे पडदे. आमच्या घरातला टीव्हीसुद्धा एवढा रुंद नाही!

हे सगळं वाचताना गंमत वाटते. पण या गाडीच्या कहाणीत मला जास्त गंमत वाटली ती दोन बायकांची. त्या आपल्याला कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

पहिली म्हणजे 'मर्सिडीज' हे नाव. ते कुणा राजाचं नाही, कारखानदाराचंही नाही. ते एका लहान मुलीचं नाव. एमिल येलिनेक नावाचे एक व्यापारी डाइमलर कंपनीच्या गाड्या विकायचे. त्यांनी १९०० साली नव्या गाडीला आपल्या लेकीचं नाव द्यायला लावलं. पोरगी तेव्हा जेमतेम अकरा वर्षांची. म्हणजे आज आपल्या भागातले मोठमोठे लोक ज्या नावाच्या गाडीतून मिशीला पीळ देत उतरतात, ते एका अकरा वर्षांच्या पोरीचं नाव आहे!

दुसरी बाई म्हणजे बेर्था बेंझ. या कंपनीच्या नावातला जो 'बेंझ' आहे, त्या कार्ल बेंझ यांची बायको. लग्नाच्या आधी कार्ल यांचा कारखाना बुडायला आला होता. बेर्थाने वडिलांकडे आपला हुंडा लग्नाआधीच मागून घेतला आणि त्या कारखान्यात घातला. पुढे २९ जानेवारी १८८६ ला कार्ल यांनी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट कार्ल यांच्या एकट्याच्या नावावर. त्या काळच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला असं काही आपल्या नावावर करताच येत नव्हतं.

गाडी झाली, पण घ्यायला कुणी तयार होईना. लोक घाबरायचे. मग ऑगस्ट १८८८ मध्ये एका सकाळी बेर्था उठली, दोन्ही मुलांना बरोबर घेतलं आणि नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली. मानहाइमहून माहेरी, फोर्झहाइमला निघाली. शंभर किलोमीटरहून थोडं जास्त अंतर. म्हणजे आपल्या बारामतीहून पुण्याला जावं तसं. रस्ता धड नाही, पेट्रोलपंप नावाची गोष्टच नाही. वाटेत एका औषधाच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतलं. नळीत कचरा अडकला, तर डोक्यावरच्या टोपीची पिन काढून साफ केला. एक तार उघडी पडली, तर मोज्याचा पट्टा काढून तिला गुंडाळला. ब्रेकचं लाकूड झिजलं, तेव्हा चांभाराकडून त्याला चामडं मारून घेतलं. चढाला गाडी दमली की पोरं उतरून ढकलायची. पोचल्यावर नवऱ्याला तार केली. घरी परतल्यावर गाडीत काय काय कमी आहे तेही सांगितलं, आणि चढासाठी त्यांनी आणखी एक गिअर बसवला.

आता सांगा, नवीन शोध म्हणजे दुसरं काय असतं? अडचण आली की हाताशी असेल त्याने मार्ग काढायचा. आपण बायका रोज हेच करतो. कुकरची शिट्टी अडकली की आपणही हेअरपिनच शोधतो. फक्त त्याला कुणी शोध म्हणत नाही.

पण मला त्यातली हुंड्याची गोष्ट जास्त लागली. जगातली पहिली मोटार एका लेकीच्या हिश्श्याच्या पैशावर उभी राहिली. आणि आपल्याकडे? आपल्याकडेही ती तशीच येते, लेकीच्या हिश्श्यावर. फरक एवढाच की बेर्थाने आपला हिस्सा स्वतः मागून घेतला आणि कुठे घालायचा ते स्वतः ठरवलं. आपल्याकडे तो लेकीच्या सहीने काढून घेतला जातो.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्याच घरातलं सांगते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. तुकोबांची पालखी आपल्याच भागातून जाते, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर. रस्ता रुंद होणार याचा आनंद सगळ्यांनाच. आमचाही एक तुकडा त्या रस्त्यात गेला. सासरे वारल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली होती. सासूबाई, आमचे हे, धाकटे भावजी आणि आमच्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे आक्का. मोबदला उचलायचा तर सगळ्यांच्या सह्या लागणार.

घरात बैठक बसली. चिरंजीवांनी मोबाइलवर गाड्या दाखवायला सुरुवात केली. एकीला छत उघडतं, एकीला मागून चाकं वळतात, एक आपोआप पार्क होते. भावजींचं म्हणणं, "आयुष्यात एकदाच असा पैसा येतो. दारात एक चांगली गाडी पाहिजे. लोक काय म्हणतील?" आमचे हेसुद्धा मान डोलवत होते. मग हळूच विषय निघाला, आक्कांच्या हिश्श्याचं काय? "आक्काचं काय? ती करील सही. दिवाळीला चांगली पैठणी घेऊ तिला." आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. "तुझं तिच्याशी चांगलं जमतं. तूच जाऊन बोल."

मी गेले. मैत्रिणींनो, मला हे लिहिताना लाज वाटते, पण मी गेले. जी मी गावोगावच्या बचत गटांत उभी राहून सांगते की महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि सगळ्या देशात २००५ मध्ये कायदा बदलला, मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानेही ते पुन्हा स्पष्ट केलं, तीच मी पर्समध्ये हक्कसोडपत्राचा कागद घालून नणंदेच्या दारात उभी राहिले.

आक्कांनी पाणी दिलं, चहा केला. चुलीपाशी बसूनच त्यांनी कागद वाचून घेतला. माझ्या नणंदबाई सातवी शिकलेल्या. सगळं वाचून झाल्यावर एकच विचारलं, "अगं, तू माझ्या जागी असतीस तर केली असतीस सही?"

मला उत्तर देता येईना. कारण मी माझ्या माहेरी सही केलेली होती. २००९ मध्ये. भाऊ म्हणाला, "ताई, एक सही लागती," आणि मी वाचलंसुद्धा नाही. बी.ए. झालेली मी! माहेर तुटायला नको, एवढंच मनात होतं. पुढच्या वर्षी भावाच्या दारात नवी गाडी उभी राहिली. मीच तिला ओवाळलं. भाऊ वाईट नाही हो, अजूनही भाऊबीजेला येतो. त्याला कधी वाटलंच नाही की त्या गाडीची दोन चाकं माझी होती. आणि मलाही वाटलं नव्हतं, आक्कांनी विचारेपर्यंत.

मी कागद घडी घालून परत पर्समध्ये ठेवला. घरी येऊन सांगितलं, "आक्का सही करणार नाहीत. आणि मीही त्यांना परत विचारणार नाही." आमचे हे आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. भावजी अजूनही जरा तुटकच आहेत. पण सासूबाई, ज्यांच्याकडून मला काहीच अपेक्षा नव्हती, त्या एका संध्याकाळी म्हणाल्या, "माझी बी एक सही हाय न्हवं? मग आक्काचं दिल्याबिगर मी बी करीत न्हाई." संपला विषय. चार वाटे झाले. मोठी गाडी राहिली, छोटी आली.

आता कुणी म्हणेल, ताई, हा तुमच्या घरचा प्रश्न. पण नीट बघा. २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मंडळींनी एकत्र येऊन एकदम दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या होत्या. सगळ्या मिळून ६५ कोटींच्या. आपल्या शहराचं नाव व्हावं हा त्यांचा हेतू. नाव झालंही, पेपरांत फोटो आले. पण पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यामागचा हिशेब मांडला. सरकारी बँकेने त्या गाड्यांना कर्ज दिलं ते ७ टक्क्यांनी. आणि त्याच काळात त्याच भागातला शेतकरी ट्रॅक्टरच्या कर्जाला १२ टक्क्यांच्या वर व्याज भरत होता.

हे वाचल्यावर मी आमच्या गटाचं रजिस्टर उघडून बसले. आमच्या गटात आपसांत कर्ज देतो ते शेकडा दोन रुपये महिना. म्हणजे वर्षाला २४ टक्के! शिलाई मशीनला २४, शेळीला २४, पोरीच्या फीला २४. आणि मर्सिडीजला ७. मोठं गिऱ्हाईक, शंभर-दीडशे गाड्यांची एकगठ्ठा मागणी, म्हणून बँकेने दर कमी केला असणार, हे मलाही कळतं. पण मग आम्ही बायकांनी तसं एकत्र का होऊ नये? एका गटाने दारात उभं राहण्यापेक्षा तालुक्यातल्या पन्नास गटांनी एकत्र जाऊन बँकेत बोलावं. त्या दीडशे गाड्यांपासून शिकायचं असेल तर मला हे शिकायचंय.

आता थोडं नवीन शोधांबद्दल. गाडी किती पळते, छत कसं उघडतं, याच्याशी आपल्याला काय करायचंय? पण या महागड्या गाड्यांनी काही शोध असे लावले की ज्यांनी जीव वाचतात. चाकं न अडकता ब्रेक लागावा म्हणून एबीएस, ते १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आलं. टक्कर होताच फुगणारी एअरबॅग १९८०-८१ च्या सुमारास. चालकाला डुलकी लागतेय हे ओळखून सावध करणारी यंत्रणा २००९ मध्ये. खांद्यावरून कमरेपर्यंत येणारा पट्टा मात्र स्वीडनच्या व्होल्वोने १९५९ मध्ये आणला आणि त्याचं पेटंट सगळ्यांना मोफत खुलं केलं. मला तर त्या शोधापेक्षा तो मोठेपणा जास्त मोठा वाटतो.

हे शोध आपल्या साध्या गाड्यांपर्यंत यायला किती वर्षं लागली बघा. आपल्याकडे चालकासमोरची एअरबॅग सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून. आणि शेजारच्या सीटची? तिला २०२१ साल उजाडावं लागलं, आधी फक्त नव्या मॉडेलना. मधल्या काळात ज्या गाड्या विकल्या गेल्या, त्यातल्या कितीतरी गाड्यांत चालवणाऱ्यापुढे एअरबॅग आणि शेजारी नुसता डॅशबोर्ड. आता आठवून बघा, आपल्या घरात त्या शेजारच्या सीटवर कोण बसतं? मांडीवर पोर घेऊन कोण बसतं?

एवढंच नाही. टक्करीची चाचणी करताना माणसाऐवजी बाहुले बसवतात, तेसुद्धा वर्षानुवर्षं पुरुषाच्या अंगबांध्याचे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात दिसलं की पट्टा लावलेल्या बाई चालकांना गंभीर इजेचा धोका पुरुषांपेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त होता. सरासरी बाईच्या अंगाचा, बसवून चाचणी करता येईल असा बाहुला स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने पुढे आणला तो २०२२ मध्ये. मोटार निघाल्यावर १३६ वर्षांनी!

आणि शोध कितीही मोठा असो, वापरलाच नाही तर काय? ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेला सायरस मिस्त्री यांचा अपघात सगळ्यांना आठवत असेल. गाडी मर्सिडीजच होती. पुढे बसलेले दोघं जबर जखमी होऊनही वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, ते दोघं गेले. आपल्याकडे मागची सीट म्हणजे बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. "मागं कशाला पट्टा? साडी चुरगळती," असं आपणच म्हणतो. चुरगळू दे की साडी!

आपल्या रस्त्यांवर तर जास्तच जपायला हवं. हंगाम सुरू झाला की रात्री-बेरात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेले असतात. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. अंधारात ऊस आणि रस्ता एकच दिसतो. वर मोळ्यांवर तोडणी कामगारांच्या बायका-मुलं झोपलेली. त्या ट्रॉलीला चमकणारी पट्टी लावायला कोट्यवधीचा शोध लागत नाही, चार पैशांचं काम आहे. गेल्या हंगामात आमच्या गटाने वर्गणी काढून शंभर ट्रॉल्यांना तशा पट्ट्या लावल्या. एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "ताई, हे तर आमचं काम होतं." मी म्हटलं, "मग पुढच्या वर्षी तुम्ही करा."

तर मैत्रिणींनो, दारात गाडी येणार असेल तर जरूर येऊ द्या. छोटी असो, मोठी असो. पेढे वाटा, नारळ फोडा, चाकाखाली लिंबू ठेवा. पण ओवाळायच्या आधी तीन गोष्टी विचारा. हा पैसा कुणाचा, आणि त्यात कुण्या लेकीची न विचारता घेतलेली सही आहे का? आरसी बुकावर नाव कुणाचं, तुमचं का नाही? आणि ती चालवायला तुम्हाला कोण, कधी शिकवणार? घरातली गाडी येत असून रात्री आजारी पोराला दवाखान्यात न्यायला शेजारच्या भावजींना उठवावं लागत असेल, तर ती गाडी तुमची कशी?

आक्कांनी आपल्या वाट्यातून धाकटीला नर्सिंगला घातली. उरलेले स्वतःच्या नावावर बँकेत ठेवले. पासबुक मला दाखवायला त्या मुद्दाम एसटीने बारामतीला आल्या होत्या. त्यांना परत सोडायला मी आमची छोटी गाडी काढली. हो, सेहेचाळिसाव्या वर्षी मी शिकले. आमचे हे दारात उभे राहून "सावकाश, सावकाश" करत होते. सणसरच्या पुढे एका चढाला गाडी बंद पडली. मागून एक आपेवाला हॉर्न वाजवायला लागला. आक्का म्हणाल्या, "उतरून ढकलू का गं?" मी म्हटलं, "बसा हो आक्का, पट्टा सोडू नका."

आणि दुसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली.